समोरची रांग

लातूरच्या संगीत शिक्षकांच्या शिबिरात तनुजा मॅडमना सांगितलं होतं, गावाला सोबत घ्या. म्हणून त्या शाळेच्या गावातल्या भजनाला जाऊन बसल्या. हे गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. म्हातारी मंडळी एकाच रांगेत बसायची, समोरची सतरंजी रिकामी. एक ओळ म्हणून झाली की सगळे गप्प व्हायचे. नुसते टाळ वाजत राहायचे, मग पुढची ओळ. समोरून ओळ उचलणारी माणसं भूकंपात गेली होती.

मॅडमचा जीव कळवळला. पुढच्या एकादशीला त्यांनी शाळेतली मुलं तयार करून त्या सतरंजीवर बसवली. पोरांनी एकेक ओळ अशी उचलली की देऊळ दणाणून गेलं. मधे कुठं क्षणभरही शांतता उरली नाही.

भजन संपल्यावर त्यांनी म्हाताऱ्यांच्या रांगेतल्या भुजंगअप्पांना विचारलं, "कसं वाटलं, अप्पा?"

"लई गोड म्हणली लेकरं." अप्पांनी टाळ खाली ठेवले.

मग मुलं उठून गेलेल्या सतरंजीकडं बघत म्हणाले, "पण आज पहिल्यांदाच आमच्या थोरल्या भावाचा आवाज आला न्हाई."