विमलबाईंचं मत

"प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे?" पाळकांनी पुन्हा विचारलं. टिळेकर सरांनी नुसतं हो म्हटलं असतं, तरी त्यांना सभासद करून घ्यायला बसलेली चर्चच्या पंचांची सभा तिथंच आटोपली असती.

"नाही," सर म्हणाले. "पण माझी बायको रूथ आजारी असताना याच मंडळीनं आमचं घर सांभाळलं. ती गेल्यावरही मी दर रविवारी येतो. आता पाहुणा म्हणून नको, तुमच्यातला म्हणून यायचंय. फक्त त्यासाठी खोटं बोलणार नाही."

पंचांची मतं समसमान झाली. राहिल्या विमलबाई उजागरे. त्या मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रूथ त्यांची जिवलग मैत्रीण, तेव्हा त्या सरांच्या बाजूनं हात वर करणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं.

"माझा विरोध आहे," विमलबाई उभ्या राहून म्हणाल्या. "विश्वास नसेल तर सभासद करू नये, हा नियम बरोबर आहे."

सरांनी मान खाली घातली. बाई मात्र बसेनात.

"मग माझंही नाव काढा. माझा लेक सॅमसन गेला तेव्हापासून मी प्रार्थनेला डोळे मिटते, पण ऐकणारं कुणी आहे असं वाटत नाही. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी अजून पंच आहे."

सॅमसनचा दफनविधी पाळकांनीच केला होता. त्यांनी समोरची वही मिटली. निर्णय पुढच्या सभेवर ढकलून ते म्हणाले, "कुणीतरी समाप्तीची प्रार्थना करा."

पंच एकमेकांकडे पाहत राहिले. उठलं कुणीच नाही.