घरघर

"कट!"

भागीरथाबाईंचा हात ताटावरच थांबला. कृष्णकांत कॅमेऱ्यामागून धावत आला. गळ्यातला लाइट मीटर त्यानं त्यांच्या हनुवटीशी धरला, काटा पाहिला आणि वर झाडाकडे बोट केलं.

"ती फांदी. कपाळावर सावली पडतेय. आणखी एकदा."

फांदी सुतळीनं मागे ओढून बांधली. पुन्हा चूल, पुन्हा दोन ताटं. एक स्वतःला, एक मुलाला. मुलगा येणार नाही, हे आईला कळतं. ती दुसरं ताट उचलते, त्यातला भात परत चुलीवरच्या गंजात टाकते आणि

कट. ढग आला.

ताट उचलते, भात परत

कट. बांगडी चमकली.

काटोल रोडवरच्या त्या संत्र्याच्या बागेत सकाळपासून हेच चाललं होतं. सिनेमाचा हा शेवटचा प्रसंग. उद्या भागीरथाबाई नाटक कंपनीसोबत झाडीपट्टीच्या गावांत जाणार, त्या होळीपर्यंत परतायच्या नव्हत्या.

अठरा वर्षं कृष्णकांतनं मुंबईत दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी कॅमेरा धरला. लोक डोळे पुसत बाहेर यायचे ते दिग्दर्शकाचं नाव घेत. त्याच्या वाट्याला एकच वाक्य यायचं: फोटोग्राफी मस्त आहे. त्या वाक्याला कंटाळून तो नागपूरला परतला आणि स्वतःचा सिनेमा करायला बसला. परवा पहिली रीळं धुऊन आली. पडद्यावर चालवली. दिवे लागल्यावर सगळे म्हणाले, फोटोग्राफी मस्त आहे.

कॅमेरामन म्हणून नाव ताराचंदचं होतं. पण त्यानं बटणाकडे हात नेला की कृष्णकांत म्हणायचा, "राहू दे, सरक." मग स्वतःच बटण दाबायचा, भिंगाला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "रनिंग." दिग्दर्शकाच्या 'स्टार्ट कॅमेरा'ला कॅमेरामननं द्यायचा शब्द. कॅमेरा घरघरू लागायचा. आवाज नंतर मुंबईत भरायचा होता, त्यामुळे त्या घरघरीचं कोणाला काही वाटत नव्हतं. ताराचंद हात मागे बांधून उभा राहायचा.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. फिल्मचा शेवटचा डबा कॅमेऱ्यात चढला. कृष्णकांत पुन्हा मीटर घेऊन आला, तसा भागीरथाबाईंनी त्याचा हात बाजूला सारला.

"कृष्णा, तू मले पाहूनच नाही राहिला, गा. कधी फांदी पाहतं, कधी बांगडी पाहतं. नाटकात शेवटच्या रांगेतला माणूस बी मले पाहते. इथं तं मी त्या मशीनच्या घरघरीले भात वाढून राहिली. जाय, तिकडं बस. अन् मले पाह्य."

सगळ्यांसमोर. कृष्णकांतचे कान तापले. तो तणतणत गेला आणि कॅमेऱ्यापासून लांब, संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसला. दिवसभराच्या सवयीनं तोंड आपोआप उघडलं.

"रनिंग. ॲक्शन."

भागीरथाबाईंनी दोन ताटं वाढली. वाटेकडे पाहिलं. घास उचलला, खाली ठेवला. मग दुसरं ताट उचललं, आणि भात परत टाकताना तो सांडू नये म्हणून इतक्या जपून ते तिरपं केलं, की जणू त्यात झोपलेलं लेकरू होतं. त्या रडल्या नाहीत. बाग इतकी शांत झाली, की गंजात पडणाऱ्या शितांचा आवाज आला. कृष्णकांतला फांदी दिसली नाही, बांगडी दिसली नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो पाहत राहिला, आणि त्याचं नाक वाहू लागलं.

"कट," तो कसाबसा म्हणाला. मग उडीच मारून उठला. "ताराचंद! फोकस कसा होता?"

"फोकस?" ताराचंदचे हात अजून मागेच होते. "साहेब... बटण तर तुम्हीच दाबता ना?"

कृष्णकांत कॅमेऱ्याकडे धावला. डब्यातली फिल्म जशीच्या तशी होती.

"मले मालूम होतं," भागीरथाबाई म्हणाल्या. "घरघर नव्हती."

"मंग काहून नाही सांगितलं?" अठरा वर्षांत मुंबईत एकदाही न निघालेलं 'काहून' त्याच्या तोंडून निघालं.

"दिवसभरात पहिल्यांदा कोनी तरी मले पाहून राहिलं होतं. मंधात कशी थांबू?" त्यांनी ताटं पदरानं पुसली आणि पुन्हा चुलीपाशी मांडली. "पाहशीन तं आणखी एकदा करीन."

सूर्य बागेमागे बुडाला होता. कृष्णकांतनं मीटर धरला. काटा हलला नाही. एवढ्या उजेडात फिल्मवर काय उमटणार, हे तिथं त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. नुसता काळोख.

त्यानं मीटर गळ्यातून काढला आणि ताराचंदच्या गळ्यात घातला. पेटीवर जाऊन बसला.

"स्टार्ट कॅमेरा," तो म्हणाला.