दुसऱ्याची कॅसेट

“ढोल बडवणाऱ्याने ढोल बडवावा, शब्दांच्या वाटेला जाऊ नये,” नरहरी म्हणाला आणि बशीतलं शेवटचं भजं उचललं.

“काका, ड्रमरच गाणी लिहितो म्हणून तर सेव्हन्थ फेरीचे शब्द तालात बसतात,” अनिमेष म्हणाला. “तुमच्या कॉपर लँटर्नच्या गीतकाराला साधी शिट्टी तरी वाजवता येते का?”

“नाही येत. म्हणून तर त्याला शब्दांची किंमत कळते!”

नरहरी हे गरजेपेक्षा मोठ्याने बोलला. ओट्याशी उभी असलेली नलिनी वळून बघायला लागली.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. पुण्याजवळच्या भरे गावात सगुणाबाईंच्या घरात खाली नरहरी-नलिनी भाड्याने राहत आणि वरच्या खोलीत अनिमेष. नरहरी मूळचा साताऱ्याचा, पिरंगुटच्या एका कारखान्यात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. त्याची सुट्टी गुरुवारी. अनिमेष नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. त्याला शनिवार-रविवार मोकळा. रविवारी संध्याकाळी नरहरी कामावरून आला की ही कुस्ती लागायची. सेव्हन्थ फेरी आणि कॉपर लँटर्न हे दोन्ही इंग्रजी बँड कधीच मोडले होते, भांडण मात्र ताजं होतं.

नरहरीला खरा राग बँडचा नव्हताच. हा पोरगा त्याला काका म्हणायचा आणि नलिनीला वहिनी.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं नरहरीने बायकोला कॉपर लँटर्नची गाणी ओळीन् ओळ मराठीत समजावून सांगितली होती. ती मेथी निवडत “छान आहे” म्हणायची. गुणगुणली कधी नाही. आणि आता महिनाभर कणीक मळताना, केस विंचरताना तिच्या ओठांवर एकच चाल होती. शब्द नाहीत, नुसती चाल.

“कुणाचं गं हे?” त्याने एकदा विचारलं.

“असंच. अनिमेष वाजवतो ना गिटारवर, ते.”

फेरीचंच असणार. नरहरीने त्या बँडची दोन गाणी ऐकून तिसऱ्याला कान बंद केले होते, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मे महिन्यात त्याच्या आईने माळा आवरायला नलिनीला साताऱ्याला बोलावलं, तेव्हा स्वारगेटला सोडायला अनिमेषची मोटारसायकल. आणायलाही तीच. येताना मोठी पिशवी अनिमेषच्या हातात होती. त्यातली लोणच्याची बरणी तेवढी खाली उतरली, पिशवी त्याच्याबरोबर वर गेली.

राहिलेलं काम सगुणाबाईंनी केलं. सोमवारी सकाळी अंगण झाडता झाडता त्या म्हणाल्या, “तुमची मंडळी लई ग्वाड गातीया की ओ!”

“कुठे गाते?”

“वर. शनवारी दुपारी. त्ये पोरगं तारा छेडतंय न् ह्या गात्यात. आमचं मालक तर भिताडाला कान लावून बसत्यात. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

“आहे की,” नरहरी म्हणाला आणि चप्पल उलटी घालून कारखान्यात गेला. दिवसभर त्याच्या रेघा चुकल्या.

मंगळवारी अनिमेष जिन्यात भेटला. “काका, खूप विचार केला. तुमचंच बरोबर आहे. शब्द लिहिणारा बँडबाहेरचा असला तरी चालतं. चांगलंच होतं उलट.”

इतकं भांडून हा असा सहज का हरतो? ज्याला हवं ते मिळालं, तोच असा हरतो.

बुधवारी संध्याकाळी नलिनी पिरंगुटच्या बाजाराला गेली असताना त्याने टेपरेकॉर्डर उघडला. आत एक कॅसेट होती. वर नाव नाही. पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडलेले, म्हणजे कुणाच्या हातून पुसली जाऊ नये म्हणून घेतलेली काळजी. त्याने ती सुरू केली. गिटारच्या चार तारा वाजल्या, तीच चाल. पुढे ऐकायची त्याला हिंमत झाली नाही.

पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून त्या रिकाम्या खाचांवर त्याने चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या कप्प्यात कॉपर लँटर्नची कॅसेट टाकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. दोन्ही बाजू भरल्या. गुणगुण आता, म्हणाला मनात. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला भूक लागली.

गुरुवारी त्याचा वाढदिवस होता. सकाळीच नलिनीने सगुणाबाईंना आणि त्यांच्या मालकांना, हैबतरावांना, खाली बोलावलं. अनिमेष रजा काढून आला होता. नलिनीने नवी साडी नेसली होती.

“आज भांडण नाही,” ती म्हणाली. “आज फक्त ऐकायचं.” आणि तिने बटण दाबलं.

कॉपर लँटर्न वाजायला लागलं.

नलिनीने कॅसेट पुढे पळवली. मग उलटी करून घातली. पुन्हा तेच. अनिमेषचा चेहरा पांढरा पडला.

“दुसरी प्रत हाय का?” हैबतरावांनी विचारलं.

“एकच होती,” अनिमेष म्हणाला.

दोघांचे उतरलेले चेहरे बघून नरहरीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. नलिनीने कॅसेट बाहेर काढली. तिचं बोट पाठीवरच्या पट्टीवर थांबलं. फिकट पिवळी पट्टी, ड्रॉइंगचा कागद फळ्यावर लावायची. तिने एकदा कोपऱ्यातल्या नरहरीच्या ड्रॉइंगच्या फळ्याकडे पाहिलं, एकदा नरहरीकडे.

मग तिने पदराखालून त्याच्यासाठी आणलेलं कॅसेटचं रिकामं कव्हर काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. आतल्या कार्डावर तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या.

शब्द : नरहरी, कॉलेजची वही, १९७४, साताऱ्याच्या माळ्यावरून.
चाल : अनिमेष.
आवाज : तुमची नलिनी.