भरलेली घागर

रोमन साम्राज्यातल्या फ्रिजिया प्रांतातल्या आमच्या गावात बाप्तिस्मा घेणाऱ्या बायकांना कुंडात उतरवून त्यांच्या उघड्या अंगाला तेल लावायचं काम तीस वर्षं अम्मियाआईकडे होतं. मग नवे बिशप आले आणि म्हणाले, “बायकांनी आता या कामाला हात लावायचा नाही. तेल-पाणी पुरुषच बघतील.” अम्मियाआईनं वेदीपुढे आज्ञा पाळायची शपथ घेतली. विणकराच्या घरची दासी तातिया तीन वर्षं बाप्तिस्म्याची वाट पाहत होती. पण तिच्या पाठीवर मालकाच्या चाबकाचे वळ होते. “ही पाठ बाप्यांपुढे उघडी करू? नाही गं बाई,” म्हणत ती चर्चच्या दारातूनच परत फिरली. त्याच हिवाळ्यात ती बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. तातियानं उशाशी बसलेल्या अम्मियाआईचा हात धरला. “आई, तूच घाल ना पाणी. कोण बघतंय?” कोपऱ्यात घागर भरलेली होती. “शपथ मोडू कशी, पोरी? जरा दम धर, बिशपना घेऊन येते,” म्हणत म्हातारी चिखलातून धावत सुटली. बिशप जेवत होते. जेवण उरकून, झगा चढवून ते पोचले तोवर तातिया गेली होती, पोटातलं मूलही. “बाप्तिस्मा झाला नव्हता. आपल्या दफनभूमीत तिला जागा नाही,” उंबऱ्यावरूनच सांगून ते वळले. अम्मियाआई घागरीकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिली. “नुसता हात लांब केला असता तरी झालं असतं गं,” एवढंच ती म्हणाली. मग उठून तिनं तातियाला न्हाऊ घातलं. प्रेताला आंघोळ घालायला बायकांना मनाई नव्हती.