दारातला ठेका

जुन्या जीपच्या दारात नवा स्पीकर बसवण्याआधी आजोबांनी त्याच्या तारांना घड्याळाचा सेल टेकवला. कागदी पडदा टुणकन बाहेर आला.

"बाहेर आला, म्हणजे तारा बरोबर," त्यांनी ऋजुताला खुणांनी सांगितलं. तिला ऐकू येत नसे. गाणं म्हणजे काय, हे ती सगळ्यांना विचारायची आणि कुणालाच सांगता यायचं नाही.

दुसरा स्पीकर आजोबांनी घाईत तसाच बसवला. गाणं पोकळ वाजलं.

"पत्र्याचा डबा बडवताय का?" आजी हसली.

आजोबांचा पडलेला चेहरा बघून ऋजुताने दुसऱ्या स्पीकरच्या तारा सोडवून सेल टेकवला. पडदा आत गेला. आजोबांनी तारांची अदलाबदल केली.

ठेका घुमला. आजी टाळ्या वाजवू लागली. ऋजुता दारावर तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली. मग आजीकडे वळून खुणेने म्हणाली, "तुझी टाळी चुकतेय."