बासष्टावा सिनेमा

“बाबा आवाजावरून ओळखतील,” नोएमी म्हणाली. “आत रीळ नसलं की कॅमेरा नुसताच भिरभिरतो. चाळीस वर्षं त्याच्यासमोर काढलीत त्यांनी.”

बेल्त्रानकाकांनी येर्बाच्या कडू चहाचा घोट घेतला. मग भिंतीकडे बघत एका दमात म्हणाले, “माझ्याकडे जुनी रिळं पडून आहेत, ओल लागून पार खराब झालेली, त्यांवर काही उमटायचं नाही, पण आवाज मात्र अगदी खरा येईल.”

नोएमीचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच.

तिचे बाबा, आन्सेल्मो इतुराल्दे. एकसष्ट सिनेमे. त्यांतल्या त्रेचाळीसांत ते सुरा किंवा गोळी खाऊन मेले, उरलेल्यांत त्यांनी दुसऱ्यांना मारलं. ब्युनोस आयर्समधल्या बेकरीवाल्या बायका अजूनही त्यांना दोन पावलं लांबूनच पाव द्यायच्या. आणि मग कामं यायची थांबली. त्या वर्षी तर देशाचं दिवाळं निघून बँकांचीच दारं बंद होती, रीळ परदेशातून यायचं, सिनेमा काढणार कोण? बाबा रोज दाढी करून फोनजवळ बसायचे. डॉक्टरांनी नोएमीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकलंय, वसंतापर्यंत काढतील, पुढचं माहीत नाही. बाबा स्वतः एकच म्हणायचे, “अजून एक व्हायला हवा होता.”

खोट्या शूटिंगची कल्पना काकांची. ते बाबांचे जुने कॅमेरामन, त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता. “कथा कुठून आणायची?” नोएमीने विचारलं तेव्हा म्हणाले, “तुझी आहे की. नऊ निर्मात्यांनी परत पाठवलेली. दिग्दर्शनही तूच कर. नाहीतरी कोण बघणार आहे?”

हे तिला लागलं, पण खरंच होतं. सिनेमाचं शिक्षण घेऊन ती दहा वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढत होती.

शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ते रोज बसने जायचे. बाबांनी गाडी दुरुस्तीला दिली होती. नोएमी, बाबा, काका आणि आवाज घ्यायला काकांची भाची, एवढाच लवाजमा. बाबा म्हातारा स्टेशनमास्तर. गाड्या बंद झाल्या तरी रोज फलाट झाडणारा. या सिनेमात ते कुणाला मारणार नव्हते आणि स्वतःही मरणार नव्हते.

पहिल्या दिवशी पहिल्याच टेकला नोएमी म्हणाली, “छान, बाबा. पुढचा घेऊ.”

“छान?” बाबांनी झाडू खाली ठेवला. “मी बैलासारखा चालत आलो. तुला दिसलं नाही?”

“दिसलं, पण चालेल ना.”

“चालेल कसं? तू दिग्दर्शक आहेस की लाड करणारी आत्या? नीट सांग, काय हवंय तुला?”

काय हवंय हे तिला दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने भीत भीत सांगितलं. बाबांनी तसं केलं, तरी तिला पटेना. “पुन्हा,” ती म्हणाली. बाबा खूश होऊन परत जागेवर गेले.

असे एकोणीस दिवस. कॅमेरा थांबला की ती आधी बाबांचा चेहरा बघायची, कळलं तर नाही? काका रीळ बदलायला लागले की ती बाबांना मुद्दाम बोलण्यात गुंतवायची. बाबा विचारायचे, “लॅबमधून काय निरोप?” ती सांगायची, “त्यांच्याकडे गर्दी आहे.” अख्ख्या देशात कुणी सिनेमा काढत नव्हतं आणि लॅबमध्ये गर्दी! बाबा फक्त “असेल, असेल” म्हणायचे. ज्या माणसाने आयुष्यात एक तालीम चुकवली नाही, त्याला ती रोज फसवत होती. आणि कळलं असतं तर? हसं झालेलं मनात घेऊन गेले असते ते.

सर्वांत वाईट म्हणजे काम चांगलं होत होतं. शेवटच्या दिवशी बाबा फलाटावर उभे राहून न येणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखवत होते, तेव्हा भाचीने कानांवरचे हेडफोन काढून डोळे पुसले. नोएमीला वाटलं, यातलं काहीच उरणार नाही. तिला त्या क्षणी काकांचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग आला.

पुढचे आठ दिवस ती घरात येरझाऱ्या घालत होती. काकांना फोन केला तर म्हणाले, “गप्प बस पोरी, त्यांना सुखाने राहू दे.” पण बाबा पलंगावर पडल्या पडल्या पहिल्या खेळाला कोणता कोट घालायचा हे ठरवत होते, आणि ते तिला ऐकवेना.

शेवटी ती त्यांच्या पायाशी बसली.

“बाबा, तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मला माफ करू नका हवं तर.”

“आधी सांग तर.”

“सिनेमा झालाच नाही. कॅमेऱ्यात खराब रिळं होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आम्ही नाटक केलं. त्यांवर काहीही उमटलेलं नाही.”

बाबा उशी सरळ करून उठून बसले.

“मघाशी लॅबमधून फोन होता,” ते म्हणाले. “सगळं स्वच्छ उमटलंय. तुझा चौथ्या दिवसाचा एक शॉट जरा काळोखा आहे, तेवढं सांभाळून घे. सोमवारपासून तुला एडिटिंगला बोलावलंय.”

नोएमीला दुरुस्तीला गेलेली, कधीच परत न आलेली गाडी आठवली.

“पण काका तर म्हणाले होते, रिळं ओल लागून...”

“बेल्त्रानला ना, नट म्हणून कुणी दारात उभं करणार नाही,” बाबा म्हणाले. “मी लिहून दिलेलं तेवढं एक वाक्य पाठ करायला त्याला चार दिवस लागले.”