निळं पेट्रोल

दोन वर्षांचे सगळे रविवार घालवून शुन्पेइने जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक उभी केली. ऑइलचा पंप काढून टाकून तो निळं ऑइल मोजून थेट पेट्रोलमध्येच मिसळायचा, कारण ते नसेल तर इंजिन संपलंच. त्याचे वडील गेन्झो येता-जाता म्हणायचे, "या भंगाराला देवसुद्धा हात लावायचा नाही."

पहिल्या शर्यतीच्या सकाळी मात्र हँडलला डोंगरावरच्या देवळातला ताईत बांधलेला होता. शुन्पेइला भरून आलं. तेनर्यू नदीकाठच्या मैदानात तो सर्वांत पुढे होता, आणि दुसऱ्याच फेरीत इंजिन कर्कश किंचाळून जाम झालं.

गेन्झो धापा टाकत आले. "असं कसं झालं रे? ताईत बांधताना टाकीतही बघितलं मी. पेट्रोल निळं पडलं होतं, खराब. ते काढून ताजं, स्वच्छ भरून आणलं. माझं काही चुकलं का, पोरा?"

शुन्पेइने ताईत सोडवला आणि जपून खिशात ठेवला.



"नाही हो, बाबा. तुमचंच खरं. भंगारच होतं ते."